खिंडीत राहिलेलं अर्धं जातं

मानवाच्या इतिहासात काही मोहिमा अशा असतात, की त्या निघाल्या नसत्या तर नकाशे अपुरे राहिले असते आणि पुढच्या पिढ्यांना ताठ मानेने चालता आलं नसतं. खिंडीतल्या दगडाची मोहीम त्यांतलीच एक. ती ठरलेल्या दिवशी निघाली नाही, कारण ठरलेल्या दिवशी खेचराचा मूड नव्हता.

खेचराचं नाव साहेब. मालकी मेंढ्यांवाल्या काकूंची. पण दोघांत हुकूम कोणाचा चालतो याबद्दल गावात दुमत नव्हतं. त्या सकाळी साहेबांनी चौकाच्या मधोमध बैठक मारली आणि मोहीम पाहायला जमलेल्या लोकांना घरी जावं लागलं.

त्या चौकातच सगळ्याचं मूळ होतं. तिथे एक मोठा गोल दगड जमिनीत रुतून बसला आहे. पांढरा शुभ्र. तो थोरल्या जात्याचा खालचा भाग. गावाचा इतिहास असा, की पलीकडच्या देशात दुष्काळ पडला तेव्हा मूळपुरुष चार घरांना घेऊन खिंड ओलांडून इकडे आला. सोबत हे जातं. खिंडीत वादळाने गाठलं. बरोबरच्या एकाचा धीर सुटला आणि तो म्हणाला, "टाका तो दगड, माघारी चला." मूळपुरुषाने वरचा दगड तिथे टाकला, पण पाऊल मागे घेतलं नाही. खालचा दगड घेऊन तो इथे उतरला आणि गाव वसलं.

मूळपुरुषाच्या वंशात आजचे मास्तर. शाळेत ते इतिहास आणि भूगोल दोन्ही शिकवत, कारण दुसरा मास्तर इतक्या उंचावर टिकत नसे. धीर सुटलेल्याच्या वंशात गावचा न्हावी. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक असावं. बाकी सगळे त्याला माघाऱ्या म्हणत. त्याच्या बापालाही माघाऱ्याच म्हणत, आजालाही. बापाने एकदा गावातली आग एकट्याने विझवली, तेव्हा लोक कौतुकाने म्हणाले, "माघाऱ्या असून पुढे गेला हो!"

यंदा उन्हाळा असा तापला, की खिंडीतला जुना बर्फही मागे हटला. काकू मेंढ्या घेऊन वर गेल्या आणि खाली येऊन म्हणाल्या, "मास्तर, तुझ्या आज्याचा दगड दिसला. मधे भोक आहे, अर्धा बाहेर आलाय."

मास्तर त्या वेळी न्हाव्याच्या खुर्चीत होते, अर्ध्या गालाला साबण. ते तसेच उठले. वर्षअखेरीला ते निवृत्त होणार होते. लोकरीच्या जुन्या गोदामात ग्रामपंचायत एका खोलीचं संग्रहालय उघडणार होती, आणि दोन्ही दगड एकावर एक ठेवून त्यांनीच भाषण करायचं होतं. जन्मभर जे फळ्यावर लिहिलं ते एकदा हाताला लागावं, एवढीच त्यांची इच्छा. पण दगड उचलायला दुसरा खांदा हवा होता, आणि दुसऱ्या खांद्याची गोष्ट निघताच गावात पाठदुखीची साथ आली.

"मी येतो," वस्तरा पुसत न्हावी म्हणाला.

"तू?"

"का? एकदा बघून घेतो की, कुठून माघारी फिरायचं म्हणत होता तो. आणि तुम्ही आधी बसा. अर्धी दाढी ठेवून इतिहास घडवत नाहीत."

अखेर साहेबांची मर्जी झाली आणि मोहीम निघाली. पुढे काकू, मागे साहेब, त्यामागे मास्तर आणि न्हावी. गाव म्हणजे डोंगराच्या कुशीत तीन वळणं घेत चढणारा एक रस्ता. पहिल्या वळणाशी पिठाची गिरणी, दुसऱ्याशी शाळा, तिसऱ्याशी दगडाची खाण. त्या खाणीच्या काळ्याभोर, पांढऱ्या ठिपक्यांच्या दगडातूनच गावातल्या सगळ्या पायऱ्या, उंबरे आणि थडगी घडलेली. खाण संपली की देवदारांचं जंगल लागतं. तिथे ऊन जमिनीपर्यंत पोचता पोचता हिरवं होतं आणि पायाखालच्या सुयांच्या गादीमुळे चालण्याचा आवाजच येत नाही. गावाचा आवाज मात्र बराच वेळ येत राहतो. कोणीतरी कोणालातरी जेवायला बोलावत असतं.

ओढ्यावरचा ओंडका वाहून गेला होता. पाणी बर्फाचं, कमरेएवढं आणि घाईत. काकू साहेबांच्या पाठीवर बसून पलीकडे गेल्या. पुरुष चालत गेले. मधोमध मास्तरांचा पाय निसटला. पाण्याने त्यांना उचललं! न्हाव्याने कॉलर पकडली आणि कात्रीखाली न बसणाऱ्या पोराला ओढावं तसं त्यांना काठावर ओढलं.

"हलू नका म्हणून किती वेळा सांगायचं," तो सवयीने म्हणाला.

जंगल संपलं तिथे दगडांची घसरण सुरू झाली. साहेबांनी ती पाहिली, विचार केला आणि आपली हद्द इथपर्यंतच असल्याचं जाहीर केलं. काकूंनी समजावलं, शिव्या दिल्या, शेवटी त्याला एका झुडपाला बांधलं. "शहाणं जनावर आहे," त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखं नाही." पुढची चढण हातापायांवर. एक पाऊल वर, अर्धं खाली. मास्तरांच्या छातीचा भाता झाला होता, पण दर विसाव्याला ते न चुकता हात करून दाखवत, "मूळपुरुष इथून उतरला असेल."

"ओझं घेऊन?" न्हावी विचारी.

"ओझं घेऊन."

"मग माझा म्हातारा अगदीच चुकीचं बोलला नव्हता."

खिंडीत वारा एखाद्या दारातून यावा तसा येत होता. पलीकडे सगळा मुलूख तांबडा, भुसभुशीत, क्षितिजापर्यंत. आणि बर्फाच्या कडेला, अगदी काकू म्हणाल्या तसा, एक गोल काठ बाहेर आलेला. तिघांनी मिळून तो खणून काढला. मधलं भोक, बाजूला खुंटा बसवायची खाच. जात्याचा वरचा दगड! मास्तरांचे डोळे भरून आले.

काकूंनी आकाशाकडे पाहिलं. पश्चिमेला ढगांची भिंत उभी राहत होती. "मी पुढे होते, साहेब बिथरेल. तुम्ही धारेधारेनं या. डावीकडच्या नाळेत, त्या बर्फाच्या घळीत, उतरायचं नाही. ती खाली जाते असं वाटतं. ती खाली जात नाही, ती संपते." एवढं बोलून त्या मेंढीच्या चपळाईने गेल्या.

मास्तरांनी रुमाल काढून दगडावरचा चिखल पुसला. एकदा पुसला. मग थुंकी लावून पुसला. मग पुसायचे थांबले.

दगड काळाभोर होता आणि त्यावर पांढरे ठिपके होते.

पाचवीच्या भूगोलात ते दरवर्षी नमुना हातात धरून सांगत: मुलांनो, हा दगड आपल्या खाणीतच सापडतो, खिंडीच्या पलीकडे नाही. आणि लगेच पुढच्या तासाला इतिहासात सांगत: मुलांनो, मूळपुरुषाने जातं खिंडीच्या पलीकडून आणलं. दोन्ही तासांच्या मधे एक घंटा होत असे. त्या घंटेने उभ्या आयुष्यात दोन्हींची गाठ पडू दिली नव्हती.

चौकातल्या दगडाकडे पाहूनही ती पडली नाही, कारण तो दगड कोणी पाहिलेलाच नव्हता. ग्रामपंचायत त्याला दरवर्षी आदराने पांढरा ऑइलपेंट देते. गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीतही तो पांढराच.

जातं गावच्या खाणीतलं. म्हणजे ते खिंडीतून खाली आलं नव्हतं. ते खालून वर चाललं होतं. गाव आधीच होतं. मूळपुरुष गाव वसवायला येत नव्हता. तो गाव सोडून निघाला होता.

"काय झालं मास्तर? तडा आहे का?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "उचल."

भोकातून दोर ओवून दगड काठीला टांगला आणि काठीची टोकं दोघांनी खांद्यावर घेतली. चालताना मास्तरांच्या मनात आलं ते असं: हा दगड खाली नेला, की आठवड्याच्या आत ग्रामपंचायत त्यालाही रंग देईल. मग कोणालाच काही दिसणार नाही. भाषण होईल, टाळ्या होतील. आजवर जे झालं तेच पुढे होईल. पुढे न्हावी वाकून चालला होता, आणि त्याच्या मानेवरचा घाम मास्तरांना दिसत होता. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

धुकं आलं ते चालत नाही, एकदम. पुढचा न्हावी दिसेना, नुसता काठीला झोल जाणवे. मग गारा. काठी खांद्यात रुतू लागली. डावीकडे मऊ, गुळगुळीत बर्फाचा उतार लागला आणि दगडाला त्याची ओढ लागली.

"इकडून घसरवत नेऊ," मास्तर म्हणाले. "लवकर खाली पोचेल."

"काकू नाळेत उतरू नका म्हणाल्या होत्या."

"भूगोल मला शिकवू नकोस."

दगड बर्फावर टाकला. दोर मास्तरांनी कमरेला बांधला. हातातून निसटू नये म्हणून. न्हावी मागे काठी रोवत राहिला. पहिले काही हात दगड आज्ञाधारकपणे सरकला. मग उतार वाढला. मग दगड पळू लागला.

मास्तर पडले! टाचा रुतेनात, बोटं धरवेनात. दगड, दोर आणि मास्तर एकाच दिशेने निघाले. धुकं क्षणभर फाटलं आणि पुढे काय आहे ते दिसलं. पुढे काही नव्हतं. नाळ संपली होती!

न्हाव्याने काठी खडकाच्या फटीत घातली आणि मास्तरांचा कोट धरला. दगड कड्यावरून खाली लोंबकळला. दोर ताणला. काठी करकरली.

"सोडा मास्तर."

"गाठ बसलीय."

"कोट फाटतोय. काय करू ते बोला."

मास्तरांनी खाली लोंबणाऱ्या दगडाकडे पाहिलं. गावाचा इतिहास दोराच्या टोकाला गोल गोल फिरत होता.

"काप," ते म्हणाले.

न्हाव्याने काठी काखेत अडकवून दातांनी वस्तरा उघडला. एकच हात फिरला. आवाज यायला बराच वेळ लागला. आला तो लहानसाच होता.

थोडा वेळ दोघे नुसते बर्फाला चिकटून राहिले. मग न्हावी म्हणाला, "चला माघारी." आणि त्याने जीभ चावली. मास्तर वळले आणि आल्या वाटेने रांगत वर चढू लागले. चढताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. न्हावी जिथे काठीने खाच पाडी, तिथे पाय ठेवत गेले.

धारेवरच्या एका कपारीत गारा थांबेपर्यंत ते बसले. मास्तरांनी ओला रुमाल पिळला. आता सांगायची गरजच नव्हती. दगड गेला होता, पुरावा गेला होता. वर्षअखेर जवळ होती.

"दगड आपल्या खाणीतला होता," ते म्हणाले.

न्हाव्याला समजायला वेळ लागला. त्याने खाण कुठे, खिंड कुठे, दगड कुठे, असा बोटांनी गुडघ्यावर नकाशा काढला, पुसला, पुन्हा काढला.

"म्हणजे तुमचा मूळपुरुष पळत होता."

"हो."

"आणि माझा म्हातारा?"

"तोही पळत होता. सगळेच. पण माघारी चला असं तो म्हणाला आणि सगळ्यांनी ऐकलं. म्हणून आपण आहोत." मास्तर थांबले. "आज दुसऱ्यांदा."

न्हावी गारांकडे पाहत राहिला. त्याने नाक ओढलं, थंडी होतीच. म्हणाला, "बाप असता तर त्याला आवडलं असतं." आणि मग, "पण पळताना जातं कोण उचलतं हो?"

"तुझ्याकडे बघ. तू वस्तरा आणलास."

खाली काकू साहेबांच्या आडोशाला बसून होत्या. दोघांना रिकाम्या हातांनी आलेलं पाहून त्यांनी दगडाचं नावही काढलं नाही. "नाळेत उतरलात ना?" एवढंच म्हणाल्या. साहेब मात्र परतीच्या वाटेवर पहिल्यांदाच न सांगता चालला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी चौकात सगळं सांगितलं. इतिहास सांगितला, भूगोल सांगितला, मधली घंटासुद्धा सांगितली.

"दगड कुठाय?" सरपंचांनी विचारलं.

"कड्याखाली."

"फोटो?"

"नाही."

मग न्हावी पुढे झाला. त्याने जुना वस्तरा काढला, चौकातल्या दगडापाशी उकिडवा बसला आणि त्याची हजामत सुरू केली. रंगाचे पापुद्रे निघू लागले. पांढऱ्याखाली पांढरा, त्याखाली आणखी पांढरा. बऱ्याच खाली, तळहाताएवढ्या जागेत, दगड दिसला. काळाभोर. वर पांढरे ठिपके. लोकांनी वाकून पाहिलं, मग ज्या पायऱ्यांवर उभे होते त्या पाहिल्या. मास्तरांना वाटलं, जन्मात असा तास आपण घेतला नव्हता.

गिरणीवाल्या आजोबांनी घसा खाकरला. "म्हणजे मास्तर, सगळं मान्य. पण तो माघारी चला म्हणाला होता, हे तर खरंच ना?"

"खरं," मास्तर म्हणाले. "आणि म्हणूनच..."

"तेच विचारत होतो," आजोबा समाधानाने म्हणाले. "माघाऱ्या, उद्या सकाळी येतो रे दाढीला."

"या," न्हावी म्हणाला.

सोमवारी ग्रामपंचायतीचा माणूस डबा आणि ब्रश घेऊन आला आणि खरवडलेल्या जागेवर पांढऱ्या रंगाचे दोन हात देऊन गेला.