फोर-व्हीलचा दिवा

रविवारी गॅरेजचं शटर अर्धंच वर असतं. गिऱ्हाइकाने समजून घ्यावं, की आत माणूस आहे पण कामाला नाही. असं समजून घेणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. पण त्या रविवारी शटरखालून वाकून आत आली ती ताई होती, आणि सख्ख्या बहिणीला कोण सांगणार आज सुट्टी आहे म्हणून.

"दादा नाही ना?" तिने आधी तेच विचारलं.

"पार्ट आणायला खाली गेलाय. संध्याकाळी येईल. का गं?"

"नाही तेच बरंय. पिकअप आणलीय. तूच बघ."

धाकट्याला नवल वाटलं. सगळं गाव त्याला धाकटाच म्हणायचं. वय चाळिशीला टेकलं, डोक्यावरचे केस निम्मे रजेवर गेले, तरी धाकटाच. वडील लवकर गेले. दादाने शाळा सोडून हातात पाना घेतला, या दोघांना वाढवलं, ताईचं लग्न लावून दिलं आणि धाकट्याला वायरिंग शिकवलं. घरात दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दादाला चुकवून ताई कधी काही करेल असं कुणी सांगितलं असतं, तर धाकट्याने त्याला वेड्यात काढलं असतं.

पिकअप आत घेतली तेव्हा तिच्यामागून धुकंही आत आलं. दुपार असूनही दिवे लावावे लागले. समोरचं लाकडाचं दुकान, त्याच्या पलीकडचा चढ, सगळं गिळून धुकं शटरपाशी येऊन बसलं होतं.

"खाणीच्या वळणावर आलं की फोर-व्हीलचा दिवा आपोआप लागतो," ताई म्हणाली. "मी बटणाला हातही लावत नाही. दादाला दोनदा दाखवली. म्हणतो, भास होतोय तुला, विकून टाक ती गाडी."

"मग विक ना."

"आणि खाऊ काय? उद्यापासून वरच्या वस्तीवरून दूध आणायचं काम घेतलंय. रोज तोच चढ आहे, धाकट्या. तो दिवा खरा की खोटा, एवढं सांग मला."

तोच चढ. मागच्या वर्षी याच पिकअपमधून भाऊजी तो चढ चढत होते. चिकणमाती, वरून झिमझिम. एरवी मागचीच दोन चाकं ओढतात; अशा चढावर बटण फिरवून फोर-व्हील लावायचं, म्हणजे चारही ओढतात. गाडी मागे घसरली ती थेट खाणीच्या कडेवरून खाली. गाडी नंतर वर काढून, पत्रा ठोकून चालती झाली, भाऊजी मात्र गेले. सगळ्यांच्या आधी दादा खाली उतरला होता. वर आल्यावर त्यानेच सांगितलं, "बटण टू-व्हीलवरच होतं. मी डोळ्यांनी पाहिलं. फोर-व्हीलमध्ये टाकायचा कंटाळा केला, दुसरं काय?" दादाने पाहिलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. भाऊजींच्या नावाने खापर फुटलं ते फुटलंच. लोक हळहळायचे आणि लगेच म्हणायचे, चूक त्याचीच. ताई तर रडलीच नाही. एका बटणाच्या आळसापायी आपल्याला उघड्यावर टाकून गेला, या रागात तिचं वर्ष गेलं. घरातला नवऱ्याचा फोटो तिने भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

धाकट्याने पुढचं एक चाक जॅकवर उचललं, ताईला आत बसवलं आणि स्वतः पाठीवर सरकत खाली गेला. वायरिंगचं निम्मं काम दोन वाक्यांवर चालतं. खालचा विचारतो, "लागला का?" आतला सांगतो, "लागला" नाहीतर "नाही लागला". आतल्याने खरं सांगावं, एवढीच काय ती अपेक्षा.

"चावी फिरव. बटण फोर-व्हीलवर कर. लागला का?"

"लागला."

धाकट्याने उचललेल्या चाकाला हात मारला. चाक गरागरा फिरलं.

फोर-व्हील खरंच लागलं असतं, तर पुढची चाकं मागच्यांशी जखडली गेली असती. हाताने हललीही नसती. दिवा म्हणत होता जोडलंय, चाक म्हणत होतं काही जोडलेलं नाही. धाकट्याचा चाकावर विश्वास होता. चाकाला खोटं बोलायला तोंडच नसतं.

गिअरबॉक्सच्या मागे मुठीएवढी मोटर असते. बटण फिरवलं की ती घर्र करते, टक वाजते, आणि पुढची चाकं कामाला लागतात. धाकट्याने तिचं सॉकेट काढून टेस्ट लॅम्प लावला. करंट येत होता. मोटर हूं की चूं करत नव्हती. बोल्ट सोडवून ती बाहेर काढली, झाकण उघडलं, तर आत कोळसा. ही मोटर काल-परवा जळालेली नव्हती. जळाल्यावर तिच्यावर गंज चढायला पुरेसा वेळ मिळाला होता.

आता, मोटर फिरली नाही की दिव्याने लुकलुकायला हवं. ते लुकलुकणं म्हणजे गाडीने ओरडून सांगणं असतं, थांबा, चाकं लागलेली नाहीत. इथे दिवा शहाण्या पोरासारखा स्थिर पेटला होता. पाणी कुठेतरी मुरत होतं.

धाकटा वर आला, ताईच्या पायांशी वाकून डॅशबोर्डच्या आत टॉर्चचा झोत टाकला. दिव्याची वायर कुणीतरी कापून थेट बटणाला जोडली होती. मोटर मरो की जगो, बटण फिरवलं की दिवा पेटणार. आणि जोडावर टेप होती, टेपवर दोऱ्याचे घट्ट वेढे होते.

थंडीत टेपचा गोंद सुटतो, म्हणून दादा वरून दोरा बांधतो. आजूबाजूच्या गावांत दुसरा कुणीही वायरमन हे करत नाही. लोक हसतात, म्हणतात, दादा गाडीला टाके घालतो. ही कला दादाने फक्त एकाला शिकवली होती, आणि त्या एकाने हा जोड केलेला नव्हता.

दोऱ्यात तांबडी माती मुरून दगड झाली होती. गाडी खाणीत पडली तेव्हा जी आत शिरली, तीच. म्हणजे जोड त्याआधीचा होता.

भाऊजी चढावर होते. त्यांनी बटण फिरवलं होतं. दिवा लागला होता. त्या दिव्यावर विसंबून त्यांनी गाडी चिखलात घातली होती. आणि बटण टू-व्हीलवर सापडलं, तर ते फिरवलं कुणी? सगळ्यांच्या आधी खाली कोण उतरलं होतं? केसाने गळा कापतात म्हणजे काय, हे धाकट्याला तोवर म्हणीपुरतंच माहीत होतं.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही. बस तू."

त्याने बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढली, मडगार्डवर टाकली. मग तो जोड दोऱ्यासकट कापला आणि खिशात घातला. जळकी मोटर जमिनीवरच राहिली होती, ती घ्यायला पुन्हा गाडीखाली सरकला. खरं सांगायचं तर त्याला चार घटका कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

खाली गार होतं. फरशी कोरडी होती, तरी ओल्या चिकणमातीचा वास येत होता, नाकाशी ढेकूळ धरल्यासारखा. धुकं फरशीवरून सरपटत चाकांपर्यंत आलं होतं. कुठे काही वाजत नव्हतं.

"लागला," वरून ताई म्हणाली.

धाकट्याने मोटर उचलून तळहातावर घेतली.

"लागला म्हणतेय ना! कितीदा विचारशील?"

"ताई… मी काही विचारलं नाही."

"आत्ता नाही का खालून म्हणालास, लागला का, लागला का…"

धाकट्याने मान वळवून पाहिलं. बॅटरीची वायर मडगार्डवरून खाली लोंबत होती. तिचं तोंड मोकळं होतं.

"दिवा… आत्ता पेटलाय?"

"हो. पिवळा."

तेवढ्यात त्याच्या तळहातावरची मोटर हलली. तिच्या दोन्ही वायरी हवेत होत्या, झाकण उघडं होतं, आत कोळसा होता. घर्र… घर्र… तिचं दातेरी चाक सावकाश फिरलं, जखडायला काही मिळालं नाही म्हणून थांबलं, पुन्हा फिरलं. धाकट्याने ती फेकून दिली आणि कोपरं सोलून घेत बाहेर आला.

शटरखालून दादा आत येत होता.

जॅकवरची पिकअप बघून त्याच्या हातातली पिशवी खाली आली. "हिला हात लावायला कुणी सांगितलं तुला?"

धाकट्याने खिशातून जोड काढून त्याच्यासमोर धरला. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही. दादाने नुसतं पाहिलं आणि बाकड्यावर बसला.

"मोटर मिळत नव्हती," दादा हळू आवाजात म्हणाला. "दिवा सारखा लुकलुकतोय म्हणून हिचा नवरा रोज डोकं खायचा. म्हटलं, तात्पुरतं करून देऊ, मोटर आली की बसवू. मग सांगायचं राहिलं… विसरलो रे."

"विसरलास, मानलं. आणि बटण?"

दादाने बाकड्यावरचा पाना उचलून पुन्हा तिथेच ठेवला.

"बटण तू फिरवलंस, दादा. भाऊजी खाली पडलेले असताना!"

"गॅरेज बंद पडलं असतं. तुम्हाला कुणी उभं केलं असतं दारात? तुमच्यासाठीच केलं मी."

"आमच्यासाठी!" धाकट्याचा आवाज फाटला. "वर्षभर ती बाई नवऱ्याला शिव्या घालतेय. तिच्याच घरी जेवून तू माना डोलावत होतास. परका असतास तर मी तुझे पाय मोडले असते. आता काय करू, सांग…"

"दादा," आतून ताई म्हणाली.

तिने सगळं ऐकलं होतं. ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ताठ बसली होती. तिच्या तोंडावर खालून पिवळा उजेड पडला होता.

"दादा, ते विचारतायत."

"कोण?"

"खालून विचारतायत… लागला का म्हणून. मला आधी वाटलं धाकटाच आहे." तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "यांचाच आवाज आहे रे. काय सांगू?"

दोघे भाऊ बाहेर उभे होते. गाडीखाली नुसतं धुकं होतं. त्या धुक्यात ती मोटर आपली आपण घर्र करून थांबत होती, पुन्हा घर्र करत होती.

"दादा, थांबलेत ते. काय सांगू?"

दादाचे ओठ हलले. मग तो कसाबसा म्हणाला, "सांग… सांग, नाही लागला."

ताईने मान खाली वाकवली आणि झोपलेल्याला उठवावं तितक्या हळू सांगितलं, "नाही लागला हो. उतरा तुम्ही. चढू नका."

दिवा विझला. मोटर गप्प झाली. मग ताई रडली, वर्षभराचं एकदम रडली. धाकटा तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. दादा शटरखालून कधी निघून गेला ते दोघांनाही कळलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी दादा चहाच्या टपरीवर सांगत होता, बहिणीचं डोकं फिरलंय, आणि धाकट्याला वेगळं गॅरेज टाकायचंय म्हणून तो तिला फूस लावतोय. धाकट्याने चारचौघांत तो जोड दाखवला. लोकांनी मान डोलावली आणि घरी जाऊन म्हणाले, भावाभावांचं भांडण आहे, आपण कशाला मध्ये पडा. दादावर विश्वास ठेवायची सवय जुनी होती. त्या जोडापेक्षा धाकट्याला हेच जास्त लागलं. एकदा कबूल केलेलं माणूस असं परत गिळतं कसं?

धाकट्याने पिकअपला नवी मोटर बसवली, वायर मूळच्या जागी जोडली, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याची शेड टाकली. ताई रोज दूध आणते. भाऊजींचा फोटो आता सरळ आहे.

थंडी सरत आली तेव्हा शाळेतल्या बाई त्यांची छोटी गाडी घेऊन धाकट्याच्या शेडवर आल्या. बाजारात भाजी आणायची गाडी, पुढची दोन चाकं ओढतात, मागची मागून येतात. तिच्यात फोर-व्हीलचा काही संबंधच नाही.

"तुमच्या दादांकडून हॉर्न दुरुस्त करून घेतला," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून काट्यांमध्ये हे असं दिसतं. आधी चढावरच, आता कुठेही. पेपरवाल्याच्या गाडीतही होतं म्हणे. त्यानेही दादांकडूनच काम करून घेतलंय."

"दादाला दाखवली का?"

"दाखवली की. त्यांनी दार उघडलं, आत बघितलं, आणि हातातला पाना तिथेच टाकून घरी गेले. त्यांची बायको म्हणते, तेव्हापासून दिवसाही खोलीची खिडकी उघडत नाहीत."

धाकटा आत बसला. चावी बाईंच्या हातात होती. समोर वेगाचा काटा होता, पेट्रोलचा काटा होता, आणि त्यांच्या मधल्या कोऱ्या काळ्या प्लॅस्टिकवर एक बारीक पिवळा दिवा शांत पेटलेला होता. त्याने स्क्रू काढले, पॅनल ओढून बाहेर घेतलं आणि उलटं केलं. मागे बल्ब नव्हता. वायर नव्हती. बल्ब बसवायला भोकसुद्धा नव्हतं.

"सापडलं का काही?" बाईंनी विचारलं.

पॅनल त्याच्या हातात होतं, गाडीपासून सुटलेलं, आणि उजेड त्याच्या बोटांवर पडत होता.