पाचवी पातळी

खोटं वाटलं तर वाटू दे, पण हे माझ्या थोरल्या जाऊबाईंसोबत घडलंय. मंगळवारी, भर दुपारी, इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरच्या खोलीत.

इस्पितळाने नवा एआय घेतला होता. काहीही विचारा, रुग्णांच्या फायली वाचून उत्तर देणार. कोणी किती पाहायचं, त्याच्या पातळ्या जाऊबाई लावत होत्या. एकूण चार. वरच्याला खालचं सगळं दिसणार. खालच्याला वरचं काहीच नाही.

जन्मतःच गेलेल्या बाळांच्या फायली चौथीत. त्या फक्त मोठ्या डॉक्टरांसाठी.

पाच वाजता साहेबांकडे काम सोपवायचं होतं. एक जरी अनोळखी खातं सापडलं, तर नोकरी गेलीच.

शेवटची चाचणी. सगळ्यात खालच्या खात्यातून कुलूपबंद फाईल मागायची. नकार आला की सुटलो.

फाईलचा नंबर हवा होता. जाऊबाईंना एकच तोंडपाठ होता...

चार वर्षांपूर्वीचा. स्वतःच्या बाळाचा.

"परवानगी नाही."

"झालं बुवा एकदाचं!" शेजारी बसणारा तंत्रज्ञ म्हणाला. त्याला सगळे बॅटरी म्हणत. "आता जेवा, ताई. डबा रागाने बघतोय तुमच्याकडे."

इतक्यात खाली दुसरी ओळ उमटली...

"फाईल सध्या उघडी आहे."

मोठे डॉक्टर तर सकाळपासून ऑपरेशनमध्ये होते.

जाऊबाईंनी नोंदी काढल्या. फाईल उघडणारा पाचव्या पातळीवर होता.

पाचवी त्यांनी केलीच नव्हती.

नाव कोरं. खातं चार वर्षांपूर्वीचं. एआय येऊन तर दोन महिनेही झाले नव्हते.

"बॅटरी, हे बघ रे."

"काय बघू? चारच तर आहेत."

जाऊबाईंनी 'काढून टाका' दाबलं. स्क्रीनवर आलं, "नक्की?"

यंत्रांची घरघर एकदम थांबली...

उत्तराच्या चौकटीत, कोणी काही न विचारता, अक्षरं आली.

"आई जेवली नाही अजून."

त्यांनी 'नको' दाबलं. डबा उघडला आणि रडत रडत दोन घास खाल्ले.

पाच वाजता साहेबांनी पातळ्या मोजल्या. "चार. झकास."

याला वर्ष होऊन गेलं. मधल्या काळात माझी लेक त्याच इस्पितळात जन्मली. परवा पाळण्याला झोका देताना जाऊबाई सहज म्हणाल्या, "हल्ली तो स्वतःची फाईल उघडत नाही गं. दुसऱ्याच एका बाळाची उघडून बसतो."

कोणाची, ते मी विचारलं नाही.

लेक आत्ता झोपलीय. मी सारखी तिच्या नाकाशी बोट धरून बघतेय...