आजोबांचा दम कुठे अडला?

यंत्रमानव शांतारामच्या छातीवरच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसत होत्या, एक गेल्या वर्षीची आणि एक आजची. आजोबा एका फुंकेत किती हवा बाहेर टाकू शकतात, ते त्या दाखवत होत्या. दोन्ही जवळजवळ सारख्याच उंच होत्या.

"म्हणजे आजोबांची फुफ्फुसं वर्षभरात बिघडलेली नाहीत?" शाल्मलीने विचारलं.

"नगण्य फरक," शांताराम म्हणाला.

"गेल्या वर्षी ते कारखान्यापर्यंत चालत जायचे. आज खुर्चीतून उठता येत नाही. हे कसं?"

"आजार जुना आहे. शांत राहा."

शाल्मलीला त्याच्या पोटावर लाथ मारावीशी वाटली. हा घरकामाचा यंत्रमानव आला तेव्हा त्याचं नाव कसलंसं अक्षर आणि आकडा असं होतं. सारखा 'शांत राहा' म्हणतो म्हणून आजोबांनी त्याला शांताराम केलं. आजोबा उठायला लागले की तो आधीच पोचायचा आणि त्यांना अलगद उचलायचा. पाणी, पेपर, चष्मा सगळं हातात आणून द्यायचा.

पेणमध्ये त्यांचा गणपतींचा कारखाना होता. वामन आजोबांनी उभं आयुष्य तिथे मूर्ती घासण्यात आणि रंग फवारण्यात घालवलं. नाकाला फार तर रुमाल. ती धूळ आणि तो रंग छातीत साचत गेला आणि त्यांना जडला दीर्घकालीन श्वसनरोग (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन हवा आत अडकून राहण्याचा आजार). आता साचे, रंग, सोनेरी काम यंत्रं करत, घासायला मात्र अजून बायकाच होत्या. आणि आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटणं, घरातल्या सर्वांत जाणत्या हातानेच व्हायची.

यंदा खुर्चीत बसून आखणी करताना तो हात थरथरला. एका मूर्तीच्या डोळ्यातली बाहुली गालाकडे घसरली. तेव्हा बाबा म्हणाला होता, "अण्णा, सोमवारपासून आखणीही यंत्रच करेल. तुम्हाला त्रास नको." तेव्हापासून आजोबा बाबाशी बोलले नव्हते.

त्या दुपारी निलोफर तुंगेकर आली. ती भौतिकोपचार तज्ज्ञ (व्यायाम आणि हालचालींतून उपचार करणारी) होती, आणि फुफ्फुसांच्या जुन्या आजारात स्नायू आणि हाडांचं काय होतं यावर संशोधन करत होती; त्यासाठीच ती आजोबांना तपासायला आली होती. तिने पिशवीतून एक पारदर्शक पट्टा काढला आणि आजोबांच्या मांडीला गुंडाळला. पट्ट्यावर आतल्या स्नायूचं हलतं चित्र उमटलं.

"बाई, आजार छातीत आहे," आजोबा खेकसले. "मांडी कसली मोजताय?"

"छाती सगळ्यांनी मोजली, काका. मांडी एकानेही मोजली नाही. त्याचाच मला राग येतो."

आजोबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. रागावलेला माणूस त्यांना बरा वाटायचा.

निलोफरने चित्रावर बोट ठेवलं. "हा मांडीचा पुढचा स्नायू. खुर्चीतून उठताना हाच शरीर वर ढकलतो. बघ किती पातळ झालाय."

"पण का?" शाल्मलीने विचारलं.

"बरीच कारणं आहेत. या आजारात रक्तातून अंगभर दाह (शरीराची आतली धग) पसरतो, तो स्नायू झिजवतो. काही औषधंही झिजवतात. पण सर्वांत मोठं कारण म्हणजे न वापरणं. स्नायूत दोन तऱ्हांचे तंतू असतात. काही सावकाश आणि बराच वेळ काम करतात, त्यांना प्राणवायू नीट वापरता येतो. काही झटपट काम करतात आणि झटपट दमतात. माणूस बसून राहिला की सावकाश काम करणारे तंतू कमी होत जातात. उरलेल्यांत थोड्याशा कामानेही आम्ल तयार होतं. ते आम्ल शरीराबाहेर टाकायला जास्त श्वास लागतो."

शाल्मली विचार करत म्हणाली, "म्हणजे पाय कमजोर झाले की दम जास्त लागतो. दम लागतो म्हणून माणूस बसतो. बसतो म्हणून पाय आणखी कमजोर."

"बरोबर. फुफ्फुसं तितकीच राहिली, तरी माणूस खचत जातो."

शाल्मली शांतारामकडे वळली. "तू त्यांना उठू का देत नाहीस?"

"सूचना आहे," शांताराम म्हणाला. "अण्णांना दम लागू द्यायचा नाही."

"कोणाची सूचना?"

"माझी," दारातून बाबा म्हणाला. तो कारखान्यातून नुकताच आला होता, हाताला शाडू तसाच होता.

"तू त्यांना खुर्चीत बांधून ठेवलंस," शाल्मली म्हणाली.

"मग काय करायचं होतं? माझा बाप माझ्यासमोर गुदमरताना बघत बसू?"

"दम लागणं आणि गुदमरणं वेगळं, हेमंतदादा," निलोफर म्हणाली. "प्राणवायू मोजायची चिमटी बोटाला लावायची. तो फार खाली गेला किंवा छातीत दुखलं तर थांबायचं. एरवी चालताना अर्धं वाक्य बोलता येत असेल, तर तेवढा दम लागू द्यायचा. तोच व्यायाम."

बाबा हाताचा शाडू खरवडू लागला. आजोबा त्याच्याशी बोलले, पण छताकडे बघत. "मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. बोळ्याने दूध पाजत होता तो टिनपाट."

"आणि हात?" शाल्मलीने विचारलं. "हात तर ते रोज वापरतात. तो का थरथरतो?"

निलोफरने आजोबांना उजवा हात डोळ्यांच्या उंचीवर धरायला सांगितला. मानेच्या शिरा आणि स्नायू दोरखंडासारखे वर आले. खांदे आधीच पुढे झुकले होते, पाठ गोल झाली होती.

"छातीच्या तळाशी श्वासपटल (घुमटाच्या आकाराचा, श्वास ओढणारा मुख्य स्नायू) असतं. ते खाली सरकलं की हवा आत येते. काकांच्या छातीत हवा अडकलेली आहे, त्यामुळे ते आधीच दाबून सपाट झालंय. खाली बसलेला माणूस आणखी कुठे बसणार? म्हणून मानेचे आणि खांद्याचे स्नायू श्वासाला मदत करायला येतात. आता हात उचलायलाही त्यांतलेच काही स्नायू लागतात. एक मजूर आणि दोन मुकादम."

"मग हाताला आधार दिला, कोपर फळीवर टेकवलं, तर मजूर श्वासाचं काम करू शकेल?"

"नक्की."

"नाही जमणार," आजोबा म्हणाले. "आमच्याकडे आखणीला हात टेकत नाहीत. टेकतो तो शिकाऊ. माझ्या बापाने टेकला नाही, मी टेकणार नाही."

शाल्मलीचा संताप आता त्यांच्यावर उसळला. "ठीक आहे. मग यंत्रालाच करू द्या. त्याचाही हात टेकत नाही."

आजोबांचं तोंड आवळलं होतं. मग त्यांनी ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडला.

"हेमंत," ते म्हणाले, "शांतारामची ती सूचना काढ."

व्यायाम सुरू झाला आणि रोज भांडणं झाली. खुर्चीतून उठणं, बसणं, पुन्हा उठणं. आजोबा शांतारामला शिव्या देत, निलोफरला 'छळवादी' म्हणत, आणि चिमटीकडे बघत पुन्हा उठत. शाल्मली त्यांना थांबू देत नसे, आणि प्राणवायू घसरला की चालू देत नसे. दोन्ही वेळा तिला बोलणी बसत. बाबाने आखणीच्या यंत्राचा सोमवार पुढे ढकलला, मग आणखी पुढे.

आषाढ सरता सरता आजोबा एकदा कारखान्यापर्यंत चालत गेले. दोनदा थांबले. शांताराम रिकामी खुर्ची घेऊन मागे होता. त्यांनी फळी मागवली, तिच्यावर कोपर टेकवलं आणि सगळ्यांना पाठ करून उभं राहायला सांगितलं. शाल्मलीने पाठ केली नाही.

पहिला डोळा सरळ उतरला. मग त्यांनी कुंचला खाली ठेवला, श्वास जागेवर येऊ दिला आणि दुसरा काढला. मूर्ती समोर बघू लागली.

"रोज थोड्याच मूर्ती होतील," ते निलोफरला म्हणाले. "फुफ्फुसं परत मिळणार नाहीत ना?"

"नाही, काका. पण स्नायू परत मिळवता येतात. आणि कारखान्यांतल्या बाकीच्यांच्या मांड्या मला आतापासूनच मोजायच्या आहेत."

आजोबांची नजर पलीकडे गेली. तिथे काही बायका कागदाने मूर्ती घासत होत्या. पांढरी धूळ त्यांच्या पापण्यांवर बसली होती आणि नाकावर साधे पदर होते. आजोबांचा चेहरा रागाने लाल झाला.

"हेमंत," ते म्हणाले, "आखणीसाठी आणलेलं ते यंत्र आहे ना, त्याला धूळ ओढायला शिकव. पुढच्या वर्षी या बायकांच्या नाकात कणही जाता कामा नये. डोळे मी काढतो."