गोदीपेक्षा मोठं जहाज

धाड!

आमच्या वर्कशॉपच्या दारात हा आवाज नवा नाही. दार बुटकं आहे, आणि उंच माणसांना ते आधी कपाळाला कळतं. मी रंधा मारता मारता मान वर केली, तर एक लांबलचक तरुण कपाळ धरून उभा! दुसऱ्या हातात बुटांचा खोका होता, आणि तो मात्र त्याने जराही कलू दिला नव्हता.

"लागलं का हो फार?"

"नाही, जहाजं ठीक आहेत," तो म्हणाला.

मला हसू आवरेना. कपाळाचं विचारलं तर जहाजांची खुशाली सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

खोक्यात खरंच जहाजं होती. बोटभर लांबीची, पुठ्ठ्याची. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि उरलेल्या वेळात एक खेळ रचायचा — समुद्रावरच्या लढाईचा. दर शनिवारी मित्र त्याच्या घरी जमायचे, जमिनीवर नकाशा अंथरायचे, आणि कुणाचा तरी पाय हमखास आरमारावर पडायचा. म्हणून त्याला टेबल हवं होतं. गोल.

"गोलच का?"

"समुद्राला कुठे कोपरे असतात?"

"बरं. आणि केवढं मोठं?"

तो विचारात पडला. "मी आडवा झालो तर... डोक्यापासून पायांपर्यंत."

"मग व्हा आडवे."

आणि हा पठ्ठ्या खरंच भुशात आडवा झाला की! मी खडूने पायांपाशी एक रेघ मारली, डोक्यापाशी दुसरी. डोक्यापाशी जरा जास्तच वेळ लागला... त्याच्या पापण्यांवर भुसा बसला होता आणि तो डोळे मिटून हसत होता. मग त्याने डोळे उघडले. काहीतरी बोलायला तोंडही उघडलं — आणि तसंच मिटलं. कोपऱ्यात खुर्चीचे पाय घासत बसलेले बाबा उगाचच खोकले.

बाबांचा मंत्र एकच: आधी दार मोज, मग लाकूड काप. पाढ्यांच्या आधी मला हे पाठ झालं होतं.

त्यानंतर तो रोज यायला लागला. शाळा सुटली की दारात धाड! आज काय, तर लाकडाचा रंग बघायचाय. उद्या काय, तर मोजायची टेप इथेच राहिली. बाबांनी त्याचं नाव 'कप्तान' ठेवलं. टेबलाचा वरचा भाग तयार होऊन कामाच्या लाकडी घोड्यांवर चढला, तसा तो म्हणाला, "एक डाव खेळून बघायचा?"

एक लहानसा चौकोन त्याने माझ्यापुढे सरकवला. "ही तुमची गोदी. लहान आहे, म्हणून हिच्यात लहानच जहाजं बांधायची. मोठं हवं असेल तर आधी गोदी वाढवायची."

"वाढवते की."

"त्याला चार पाळ्या लागतात. तोवर दुसरं काहीच बांधता येत नाही."

"चालेल. मला सगळ्यात मोठी युद्धनौका हवी."

"एवढं मोठं जहाज काय लोणचं घालायला हवंय?"

"तुम्हाला काय करायचंय? समुद्र माझा आहे."

"अर्धा," तो हळूच म्हणाला.

मी सपशेल हरले. माझी गोदी वाढेपर्यंत त्याच्या चिमुकल्या होड्यांनी माझी सगळी बंदरं घेतली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गोदीच वाढवली, पुन्हा आपटले. तिसऱ्या दिवशीही तेच.

"तुम्ही जरा धीर का धरत नाही?" त्याने कपाळाला हात लावला. तिथे एव्हाना कायमचं टेंगूळ आलं होतं.

"चार पाळ्या हातावर हात ठेवून बसते, हा धीर नाही तर काय आहे? छोट्या होड्या काय, कुणीही सोडतं, कप्तान."

तो माझ्याकडे बघत राहिला. "हो," म्हणाला. "छोट्या होड्या... कुणीही सोडतं."

काम संपत आलं की मला एरवी आनंद होतो. या वेळी मात्र मी एकच पाय तीनतीनदा घासत होते. टेबल घरी गेलं की कप्तानाला इकडे यायला निमित्त उरणार नव्हतं. आणि मी आपणहून काही बोलेन तर शपथ! शेवटचं पॉलिश वाळलं, तेव्हा ते चकाकणारं टेबल मला डोळ्यांसमोर नको झालं.

न्यायचा दिवस आला. टेम्पो आला, त्याचे दोन मित्र आले. आम्ही टेबलाचे पाय काढले, गोल फळी उभी केली आणि चाकासारखी दारापर्यंत लोटत नेली.

धाड!

जिथे त्याचं कपाळ आपटायचं, नेमकी तिथेच फळी आपटली. अर्थात! फळी त्याच्या उंचीएवढी, आणि दार त्याच्याहून बुटकं. खिडक्यांना गज. फळी एकसंध जोडलेली. माझे कान तापले. बाबांच्या मुलीने दार मोजलं नव्हतं!

"कापा मधोमध, बिजागऱ्या लावा," एक मित्र म्हणाला.

"त्यापेक्षा चौकट काढा, तासाभराचं काम," टेम्पोवाला म्हणाला.

बाबांनी शांतपणे पहार उचलली. तासाभराने सगळं संपणार होतं...

"थांबा!"

मी ओरडले. आणि तोही ओरडला. दोघंही एकदमच.

बाबांनी पहार खाली ठेवली. "चला रे, चहा घेऊ," ते बाकीच्यांना म्हणाले, आणि जाता जाता माझ्या कानाशी पुटपुटले, "खडूची रेघ मारलीस तेव्हाच मला कळलं होतं, हे दारातून जायचं नाही. म्हटलं, बघू कोण आधी तोंड उघडतंय."

आम्ही दोघंच उरलो, मध्ये ती उभी फळी.

"मला माहीत होतं," तिच्यामागून आवाज आला. "पहिल्याच दिवशी. कपाळ माझंच होतं ना! आणि गोदीपेक्षा मोठं जहाज बांधायचं नाही हा नियम मीच केलाय. मी कसा विसरेन?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होतो. डोळे उघडले तर तुम्ही एवढ्या जवळ... राहूनच गेलं. नंतर वाटलं, बोललो तर टेबल लहान होईल, चटकन घरी जाईल. आणि मला टेबल हवं होतं, पण — इथेच. तुमच्याजवळ."

मी फळीला वळसा घालून त्याच्यापुढे उभी राहिले. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"मला मात्र खरंच माहीत नव्हतं," मी म्हणाले. "जन्मभर दारं मोजली, आणि या एकाच टेबलाला विसरले. का, ते कळतंय?"

"का?"

"भूगोलाच्या मास्तरला एवढंही उकलून सांगायचं? आवडतोस तू मला. रोज त्या 'धाड'ची वाट बघते मी!"

माझ्या तोंडून 'तू' ऐकून तो असा काही हसला... की मला बाकी काही विचारायची गरजच उरली नाही.

टेबल तिथेच राहिलं. शनिवारची लढाई आता भुशात होते. बाबा छोट्या होड्या घेऊन सगळ्यांना लोळवतात. मी अजून गोदीच वाढवते.

आमचं दार मात्र मी वाढवलं नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी खुर्च्यांचा उरलेला फोम घेतला, निळ्या कापडात गुंडाळला आणि चौकटीच्या वरच्या कडेला ठोकून टाकला. शाळा सुटली.

धप्!

तो चमकून थांबला. वर हात लावून त्याने ती गादी चाचपली.

"किती दिवस टिकेल ही?"

"जन्मभर," मी रंधा न थांबवता म्हणाले. "खिळे तसेच मारलेत."