मारबतीची वेणी

"लेकराच्या डोक्याले रोज हात लावत जाय वं, वंदना. तेल नसलं तरी चालन, हात पाह्यजे."

वच्छलाबाई, म्हणजे वंदनाच्या सासूबाई, वारण्याआधी असं सांगून गेल्या होत्या. बोलणं त्यांचं मुळातच मोजकं, म्हणून वंदनानं ते नेमासारखं धरलं. सकाळी तुळशीला पाणी, देवापाशी निरांजन, आणि मग लेकीला, मिनलला, मांडीशी ओढून कापूर घातलेलं खोबरेल. नवरा अमोल तोवर हिंगण्याला जाणारी कंपनीची बस धरायला निघून गेलेला असे. खाली नागपूरच्या महाल भागातली गल्ली जागी व्हायची, दुधाचे कॅन वाजायचे, कुणीतरी स्कूटरला किका मारत बसायचं. मिनल पाच वर्षांची. तेल लावताना शाळेतल्या गोष्टी सांगायची आणि मधूनच डोळे मिटून घ्यायची.

श्रावण लागला आणि एका सकाळी वंदनाची बोटं पोरीच्या कानामागे घसरली. तिथं केस नव्हते. रुपयाएवढी जागा, काचेच्या गोटीसारखी गुळगुळीत आणि गार. दुखत नव्हती, खाजत नव्हती. मिनल म्हणाली, गुदगुल्या होतात.

धंतोलीतल्या डॉक्टरीणबाई स्वभावानं चांगल्या होत्या. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि ही चाई आहे म्हणाल्या. लहान मुलांना होते, का होते ते नेमकं सांगता येत नाही, बहुतेकांचे केस परत येतात. क्वचित मात्र सगळेच जातात, भुवयांसकट, आणि मग ते येणं अवघड असतं. मलम लिहून दिलं. वंदनानं दबक्या आवाजात एवढंच विचारलं, की गेलेले केस सापडत का नाहीत. बाई लिहिता लिहिता थांबल्या. कुठंतरी पडतच असतील, म्हणाल्या.

पण ते पडत नव्हते. वंदनानं उशीला पांढरा अभ्रा घातला. फणी कागदावर झटकून पाहिली, मोरीच्या जाळीवर फडकं बांधलं. एक केस मिळाला नाही. आणि डोक्यावर नवी जागा मोकळी झालेली असे, मग आणखी एक.

शेजारच्या कामिनीनं जिन्यातच पोरीचं डोकं पाहिलं. "काहून वं, उंदरं कुरतडून राहिले का हिले?" असं म्हणून ती हसली, आणि मग स्वतःलाच वाईट वाटून वाटीभर कांद्याचा रस घेऊन आली. शाळेत टकली हे नाव पडलं. वंदनानं बर्डीच्या बाजारातून फुलाफुलांचे रुमाल आणले. मिनल ते बांधून घ्यायची आणि गल्लीच्या तोंडाशी गेली की सोडून दप्तरात कोंबायची. रडली मात्र नाही. वंदनाला त्याचीच जास्त धास्ती वाटे. आईनं रोज देवापाशी डोळे पुसायचे आणि जिचे केस जाताहेत तिनं शेजारी बसून फुटाणे खायचे.

पोळा जवळ आला होता. एका दुपारी मलम लावताना वंदनाच्या तोंडून नुसतंच निघून गेलं, की माझ्या बाईचे केस कुठं पडले असतील.

"पडले नाही, आई. दिले."

"कोणाले?"

"मारबतले. तिले एकही नव्हता."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. बांबू आणि कागदाची ती बाई. 'रोगराई घेऊन जाय गे मारबत' असं ओरडत तिला मिरवायचं आणि वस्तीबाहेर नेऊन जाळायचं. मोठ्या मारबती पाहायला सारं शहर लोटतं, पण गल्लीबोळातही लहानलहान बनतात. या गल्लीची मारबत खालच्या मजल्यावरचे धोंडबा बनवायचे. गिरणी बंद पडल्यापासून त्यांच्या हाताला तेवढाच नाद. रद्दी आणि खळ यांचं डोकं आधी, श्रावण लागतानाच व्हायचं, आणि केस म्हणून सुतळी सगळ्यात शेवटी, मिरवणुकीच्या सकाळी.

मिनलनं फार काही सांगितलं नाही. सगळे तिले घेऊन जाय, घेऊन जाय म्हणतात, तिले कोणी काहीच देत नाही, असं म्हणाली आणि पुन्हा फुटाण्यांकडे वळली.

वंदना खाली गेली. धोंडबा पडवीत बसले होते, हात मांडीवर ठेवून, एखाद्या पाहुण्यासमोर बसावं तसे. मारबत कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली, अंगावर प्लास्टिक. त्यांनी प्लास्टिक उचललं.

"मी अजून सुतळी आणली नाही, वंदना," ते म्हणाले. "पाह्य तूच."

तोंड अजून रंगवलेलं नव्हतं. कोऱ्या कागदी डोक्यावर जागोजागी बारीक, मऊ, काळेभोर केस होते. कानामागे एक पुंजका. टाळूच्या डाव्या अंगाला एक. वंदनाला त्या जागा पाठ होत्या. तिनं बोट लावलं. केस चिकटवलेले नव्हते. कागदातून आले होते, ओढले की भोवतालचा कागद कातडीसारखा किंचित वर येई. बोटांना तेल लागलं. त्याला कापराचा वास होता.

संध्याकाळी अमोलनं ऐकून घेतलं. पोरीनंच कात्रीनं कापून खळीत रोवले असतील, असं त्याचं म्हणणं. तो खाली जाऊन पाहून आला आणि जेवायला बसला. हात धुताना एवढंच म्हणाला, की कापलेल्या जागी खुंट तरी राहायला पाहिजे होते.

धोंडबांना वेगळीच काळजी लागली होती. हे घेऊन तिला जाळायचं कसं? पोरीचं गेलेलं कायमचं गेलं म्हणजे? आणि जाळलं नाही तर घरात ठेवायचं काय? तू देवधर्म करणारी, तूच सांग, म्हणाले. वंदना म्हणाली, उद्या सांगते. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोळा, आणि त्याच दिवशी पिठोरी अमावास्या. लेकरांसाठी आईनं धरायचा उपास. दिवेलागणीला वंदनानं पूजा केली, खीरपुरीची वाटी दोन्ही हातांनी डोक्यावरून मागे धरली. मागे उभ्या असलेल्या लेकराला आई 'अतीत कोण', म्हणजे पाहुणा कोण, असं विचारते आणि ते नाव सांगून नैवेद्य घेतं, अशी रीत. आईनं वळून पाहायचं नसतं.

"अतीत कोण?"

"मी मिनल."

वाटी हातातून गेली. वंदनानं हात खाली घेतले. मिनल खीर चाटत पुढे आली आणि पाटाशी बसली.

"आई, अजून एकदा विचार ना," ती म्हणाली. "ती थांबली आहे."

निरांजनाची ज्योत सरळ होती. खालच्या गल्लीत बैल मिरवून आणणाऱ्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता. वंदनानं मिनलकडे पाहिलं. पोर तिच्या मागे पाहत होती, शाळेत नवी मुलगी आल्यावर पाहावं तशी.

वंदनानं दुसरी वाटी भरली. खीर मनगटावर सांडली. तिनं वाटी डोक्यावरून मागे धरली.

"अतीत कोण?"

घुंगरांचा आवाज लांब गेला.

ओल्या खळीचा वास आला. आंबूस, रद्दीचा.

"मी," कुणीतरी म्हणालं. नाव सांगितलं नाही. नाव नसावंच.

वाटी घेताना बोटं वंदनाच्या बोटांना लागली. कोरडी होती. करकरली.

वंदना वळली नाही. ज्या आवाजात ती रोज पोथी वाचायची त्याच आवाजात बोलली.

"बाई, लेकराचे लेकराले परत दे. लहान आहे. पुढच्या साली तुह्या डोक्याचं मी पाहीन. माह्या हातानं पाहीन."

मिनल म्हणाली, "गेली."

वाटी जमिनीवर होती. घासून ठेवावी तशी स्वच्छ.

सकाळी धोंडबांनी हाक मारली. मारबतीचं डोकं कोरं झालं होतं. एक केस नाही, केस होते तिथं भोकही नाही. सुतळी लावायला त्यांचा हात धजला नाही. पोरांनी तिला तशीच उचलली, आणि ती बोडकी बाई खोकला, ताप, डास, साऱ्या गल्लीची इडापिडा घेऊन गर्दीतून हलत हलत गेली. वंदना नदीपर्यंत मागोमाग गेली. सगळे घेऊन जाय, घेऊन जाय ओरडत होते. तिच्या तोंडून ते शब्द निघाले नाहीत. आग लागली तेव्हा तिच्या मनात एवढंच आलं, की हिनं आपल्या शब्दावर विसंबून आधी देऊन टाकलं.

घरी येऊन तिनं मिनलच्या कानामागे हात लावला. बोट अडखळलं.

आधी पांढरी लव आली, मग ती काळी झाली. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, असंच येतात म्हणाल्या, मलम बंद केलं. दिवाळीला मिनलनं केसांत क्लिपा लावल्या. उन्हाळ्यात शेंड्या, आणि शाळा उघडली तेव्हा दोन वेण्या. कामिनीनं जिन्यात वेणी ओढून पाहिली आणि कांद्याच्या रसाचं श्रेय घेऊन टाकलं. वंदनानं घेऊ दिलं. नवे केस नुकती वेणी सोडावी तसे लाटालाटांचे होते. अमोलच्या घरी कोणाचे तसे नाहीत, तिच्याही माहेरी नाहीत. पण दाट होते, आणि सकाळी तेल लावताना पोर पुन्हा डोळे मिटून गोष्टी सांगायची.

श्रावण आला. पहिल्याच आठवड्यात धोंडबा जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन उभे राहिले. वर आले नाहीत. डोकं काल झालं, म्हणाले. वाळायला सांगाड्यावर दाराकडे तोंड करून ताठ बसवलं होतं. आज सकाळी ती दाराकडे पाठ करून बसली आहे, आणि मान खाली घातली आहे. वेणी घालून घ्यायला बसतात तशी.

"येते," वंदना म्हणाली.

तिनं देवापुढचं निरांजन सारखं केलं. तेलाची वाटी घेतली, फणी घेतली. मिनलनं शिवणाच्या डब्यातली कात्री आणून पुढे केली, तर तिनं ती परत ठेवायला सांगितली. आज पहाटे न्हाताना वंदनाची बोटं स्वतःच्याच कानामागे घसरली होती, रुपयाएवढ्या गार जागेवरून.

तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि वाटीतलं तेल सांडणार नाही अशा बेतानं जिना उतरू लागली.