तंतोतंत जुळणारी मुद्रा

"मी खोटी मुद्रा पुरली, असं चौकशी समिती आज लेखी देणार आहे," उत्खननप्रमुख बाई बसायच्या आधीच म्हणाल्या. "बारा वर्षं तो किनारा चाळलाय मी. उद्यापासून तिथं पाऊलही टाकता येणार नाही."

वहिनींनी खुर्ची पुढे सरकवली. खासगी गुप्तहेर म्हणून त्यांचं नाव होतं. त्यांचे मदतनीस म्हणजे धाकटे दीर, भावजी. त्यांचं नाव अजून व्हायचं होतं.

बाईंनी समितीचा फोटो पुढे केला. भाजलेल्या मातीची मुद्रा, शेजारी तिचा ठसा. दोन्हींवर शिडाचं जहाज, दोन्हींचं नाक डावीकडे.

"प्राचीन शहराचं बंदर इथेच होतं, याचा हा एकमेव पुरावा. तज्ज्ञ म्हणतात, मुद्रेची माती आजची आहे."

"मग बदलली कुणीतरी!" भावजी म्हणाले.

"तेच म्हटलं मी. पण ठसा पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत घेतलाय, तारीख-सहीसकट. मुद्रा त्याच्याशी तंतोतंत जुळते, मग बदलली कशी, असं विचारतात."

"बिनतोड आहे," भावजींनी कबूल केलं.

"चपला घाला, भावजी," वहिनी म्हणाल्या.

भांडार सांभाळणाऱ्या मावशी ओल्या हातांनीच बोलल्या. "खंदकातून मीच उचलली ती. मीठ उतरायला पाण्यात पालथी ठेवलेली. रोज पाणी बदलायचे, बाळाची आंघोळच की! किल्ली मागेल त्याला देते, घरचीच तर माणसं."

बाईंचे साहाय्यक ताठ होते. "खाच न् खाच मी ब्रशनं साफ केली, ठसा घ्यायच्या आधी. बाई गेल्या तर खुर्ची मला मिळेल. तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगतो."

उत्खननाच्या चित्रकारांनी पेन्सिल खाली ठेवली नाही. "त्या दिवशी मी तापानं घरी होतो. नंतर ठशावरून चित्र काढलं, मुद्रा पाहिलीच नाही. आपण मूळचे नकाशेवाले. आणि बंदर खाडीपलीकडे होतं, वीस वर्षं लिहितोय मी."

दुपारी समितीसमोर वहिनींनी टेबलावरचा रबरी शिक्का उचलला. "भावजी, अक्षरं वाचा."

"उलटी आहेत हो!"

"कागदावर सुलटी उमटावीत म्हणून. मुद्रा म्हणजे शिक्काच. ठशात जहाजाचं नाक डावीकडे, तर मुद्रेवर ते उजवीकडे हवं. ही तंतोतंत जुळते, म्हणूनच हा ठसा हिचा नव्हे. खरी मुद्रा दुसरी आहे."

साहाय्यक कपाळावर हात मारून घेत म्हणाले, "अरे देवा!"

"खरी पाहिलेला माणूस ही चूक करणार नाही. मावशींनी ती उचलली, तुम्ही साफ केली. फक्त ठसा पाहिलेले एकच, आणि बंदर इथं निघालं तर वीस वर्षांचं लिखाण त्यांचंच वाया जाणार होतं. बदलताना मुद्रा पाण्यात पालथी होती, म्हणून चूक तेव्हाही कळली नाही."

चित्रकारांनी पिशवीतून कापसाची गुंडाळी काढली. "घरी उलटून पाहिली तेव्हा कळलं," ते पुटपुटले. "फोडायला हात धजला नाही."

"बाई, तुम्हाला कसं दिसलं नाही?" भावजींनी विचारलंच.

"फोटोखाली माझं नाव होतं, पुढे 'बनावट' लिहिलेलं. त्यावरची नजरच हलली नाही."

वहिनींनी बाईंच्या पाठीवर हात ठेवला. अध्यक्षांनी टाइप केलेला कागद चार घड्या घालून खिशात कोंबला आणि घसा खाकरला. बाईंनी त्यांना बोलू दिलं नाही.

"उद्या सकाळी सातला धक्क्याशेजारचा नवा खंदक उघडतेय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी या. जुने बूट घाला, चिखल असतो."