हार्कवुडची माती

कारभारी गॅमेज सकाळपासून फाटकाबाहेर गावकऱ्यांना बिअर वाढत होता. थोरल्या साहेबांना पुरून आठवडा झाला होता आणि आज हार्कवुडचा किल्ला त्यांच्या मुलाच्या, क्रिस्पिनच्या, ताब्यात जाणार होता. रीत नॉर्मन राजांच्या काळची. अंगणातलं गवतासकट कापलेलं मातीचं ढेकूळ जुन्या मालकाच्या हातून नव्या मालकानं घ्यायचं. जुना मेलेला असला तर कारभाऱ्यानं द्यायचं. बंडखोर सरदार, बिशप, लोकरीचा व्यापारी, सगळ्यांनी किल्ला असाच घेतला होता.

थोरली मिल्ड्रेड खिडकीतून भावाची मोटार येताना बघत होती. गळक्या छपरावर शिशाचे नवे पत्रे तिनं घालून घेतले, बापाचं आजारपण तिनं काढलं आणि मृत्युपत्रात नाव क्रिस्पिनचं! आयत्या बिळावर नागोबा. तिचा नुसता जळफळाट होत होता.

"बाईसाहेब, खाली चला," गॅमेज म्हणाला. "लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत. माझ्या नावावर दुसरं आहे तरी काय?"

तो मान खाली घालून क्रिस्पिनला आणायला गेला. ती मागच्या दारानं अंगणात उतरली. ढेकूळ कापून तयार ठेवलं होतं. आसपास चिटपाखरू नव्हतं. ती उचलायला वाकली आणि थबकली. नुसतं उचललं तर ती चोरी. कुणीतरी द्यायला हवं.

तिनं हात पुढे केला.

"द्या मला," ती हळूच म्हणाली. "माझंच आहे."

ढेकूळ तिच्या तळहातावर आलं. देणारं कुणी दिसलं नाही. माती ओली आणि कोमट होती. कानाशी कुणीतरी मोठा श्वास सोडला, डोक्यावरचा भारा उतरवल्यावर माणूस सोडतो तसा.

तेवढ्यात क्रिस्पिन अंगणात आला. तिची मूठ बघून तो पांढराफटक पडला.

"कुणी दिलं?"

"ज्याचं होतं त्यानं. का, पोटात दुखलं?"

"अगं मिली, बाबांनी मला एकच विनवलं होतं. हे ओझं मी घ्यायचं, तुझ्यावर येऊ द्यायचं नाही. तू त्यांची लाडकी होतीस गं."

मिल्ड्रेड हसली. हरलेला माणूस असंच बोलतो.

"टाक ते! आत्ता टाक!"

त्याचा आवाज ऐकून ती चरकली. तिनं मूठ सोडू पाहिली.

बोटं उघडेनात.

तिनं दुसऱ्या हातानं अंगठा ओढून पाहिला. मातीच्या आतून कुणीतरी तिची बोटं एकेक करून नीट धरून घेत होतं.